आयसोटोप की मूलद्रव्यं? महागड्या समुद्री मालाचं ठिकाण तपासताना

महागडी कोळंबी, कालवं किंवा कॅव्हियार (स्टर्जन माशाची खारवलेली अंडी) घेताना लेबलवरचं ठिकाण पडताळायचं असेल, तर प्रयोगशाळा साधारण दोन पर्याय पुढे ठेवतात: स्थिर आयसोटोपचं (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड, किरणोत्सारी नसलेल्या अणूंचं) विश्लेषण आणि सूक्ष्म मूलद्रव्यांची, म्हणजे अगदी अल्प प्रमाणात असलेल्या मूलद्रव्यांची, मोजणी. डीएनए चाचणीही सुचवली जाते, पण ती मुख्यतः जात सांगते. एकाच बीजाची कोळंबी दोन देशांतल्या तळ्यांत वाढली तर डीएनएला फरक दिसणार नाही.

आयसोटोप सांगतात ते प्राण्याच्या आहाराबद्दल आणि पाण्याबद्दल. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की जड नायट्रोजनचं प्रमाण हजारी 3 ते 4 ने वाढतं, आणि कार्बनवरून खाद्यात जमिनीवरची पिकं किती होती याचा माग लागतो. त्यामुळे मत्स्यशेतीतला मासा समुद्रात पकडलेला म्हणून विकला जात असल्याचा संशय असेल, तर माझी पहिली पसंती यालाच. डॅन्यूबच्या खोऱ्यातल्या देशांत गोळा केलेल्या स्टर्जनच्या 149 नमुन्यांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डीएनए आणि आयसोटोप दोन्ही वापरले होते, आणि 21 टक्के नमुने रानटी स्टर्जनचे निघाले, जिची शिकार तिथे बंद आहे. डीएनएने जात सांगितली, मासा रानटी की पाळलेला हे आयसोटोपने.

पण दोन देशांतल्या शेतांनी एकाच कारखान्याचं खाद्य वापरलं, तर कार्बन-नायट्रोजनचे आकडे एकमेकांत मिसळतात. मग पाण्याचा माग देणारे ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे आयसोटोप मोजून घ्यावे लागतात. स्ट्रॉन्शियम या खडकांतून पाण्यात उतरणाऱ्या मूलद्रव्यासाठी मात्र पैसे मोजण्यापूर्वी विचार करा. जगभरच्या खुल्या समुद्रात स्ट्रॉन्शियम 87 आणि 86 यांचं गुणोत्तर जवळपास एकच, 0.7092 आहे. नदीच्या किंवा खाडीच्या पाण्यात वाढलेल्या मालाला ही चाचणी उपयोगी, खोल समुद्रातल्या मालाला नाही.

मूलद्रव्यांची मोजणी आयसीपी-एमएस यंत्रावर होते; ते नमुन्यातले अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजतं. एक ग्रॅमहून कमी नमुन्यात डझनावारी मूलद्रव्यं, अब्जात काही भाग इतक्या बारकाईने. कालवं आणि शिंपले एका जागी बसून पाणी गाळतात, म्हणून त्या खाडीचा गाळ आणि खडक त्यांच्यात उतरतात. शेजारशेजारच्या दोन खाड्या वेगळ्या ओळखायच्या असतील तर हीच पद्धत घ्या, आणि शक्य असेल तर मांसाऐवजी कवच तपासायला द्या. मांस धुतलं, मिठाच्या पाण्यात ठेवलं किंवा फॉस्फेटमध्ये भिजवलं की सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरसचे आकडे बदलतात. सोललेल्या, प्रक्रिया केलेल्या मालाला म्हणूनच आयसोटोप बरे. हातात धरायचं क्ष-किरण यंत्र मिनिटांत उत्तर देतं, पण त्याला कमी मूलद्रव्यं दिसतात. प्राथमिक चाळणीपुरतं ठीक.

ट्यूनासारख्या दूरवर फिरणाऱ्या माशाला दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. त्याच्या स्नायूत मागच्या काही आठवडे-महिन्यांचा प्रवास साठलेला असतो, जाळ्यात सापडला ती जागा नव्हे. तिथे बोटीच्या नोंदी मागा.

यंत्रापेक्षा मला संदर्भ नमुन्यांचा साठा महत्त्वाचा वाटतो. ज्या ठिकाणचा दावा आहे तिथले वेगवेगळ्या ऋतूंतले, खात्रीचे नमुने प्रयोगशाळेकडे नसतील तर सर्वांत महाग यंत्रही तुमच्या कामाचं नाही. उत्तर वाचतानाही फरक लक्षात घ्या: ‘हा माल तिथला नाही’ हे रसायनशास्त्र बऱ्याच ठामपणे सांगू शकतं, ‘तिथलाच आहे’ याचा अर्थ एवढाच, की तपासलेल्या ठिकाणांपैकी त्याच्याशी जुळतो. शिवाय पाण्याच्या रसायनाला देशांच्या सीमा ठाऊक नसतात.

करार करण्यापूर्वी प्रयोगशाळेला नावं न लिहिता काही नमुने पाठवा. मूळ तुम्हाला पक्कं ठाऊक असलेले घ्या, आणि त्यांत एक असा मिसळा, ज्याचं ठिकाण त्यांच्या साठ्यात नाही. तो नमुना त्यांनी ओळखीच्या एखाद्या जागी बसवून दिला, तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.