वर्षभराच्या वापरानंतर: आरओ मशीन आणि ते विकणारे दुकान

जुळे सोलापुरातील आमच्या घरी हे आरओ मशीन बसवून वर्ष होत आले आहे. पाण्याची चव, टाकीची क्षमता आणि विजेचा वापर या बाबतींत ते याच किमतीच्या इतर मशीनसारखेच आहे, त्यामुळे त्यावर फार लिहिण्याजोगे नाही. मात्र या काळात ते दोनदा बिघडले आणि तरीही देखभालीचा वार्षिक करार आम्ही नवी पेठेतील त्याच दुकानाकडे पुन्हा केला. असे का केले, हे नवे मशीन घेणाऱ्यांना सविस्तर सांगावेसे वाटते.

सोलापूरला उजनी धरणाचे पाणी मिळते, पण नळाला ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत अनेक सोसायट्या बोअरवर किंवा टँकरवर भागवतात, आणि गच्चीवरची टाकी एकच असल्यामुळे सगळे पाणी तिथे एकत्र होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ती २००० पर्यंत शिथिल होते. आमच्या एकाच नळाचे पाणी कधी या मर्यादेच्या आत असते, तर कधी बरेच वर जाते.

पहिला बिघाड ऐन एप्रिलमध्ये झाला. पाण्याची धार बारीक होत गेली आणि टाकी भरायला अख्खी रात्र लागू लागली. दुकानात फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते चारची वेळ मिळाली आणि मेकॅनिक त्या वेळेत आला. त्याने मशीनला हात लावण्याआधी स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी पेल्यात घेतले आणि टीडीएस मोजणारा मीटर बुडवला. मशीन बसवताना वॉरंटी कार्डावर ३४० आकडा लिहिलेला होता. आता मीटरवर १३८० दिसत होते. त्याने दोन्ही आकडे आईला दाखवले, मग मेंब्रेनचे, म्हणजे पाण्यातले क्षार अडवणाऱ्या पडद्याचे, नळकांडे उघडले. मेंब्रेनच्या टोकाला पांढरा थर घट्ट बसला होता. ते मेंब्रेन आईच्या हातात देत मेकॅनिक म्हणाला, “काकू, मशीन बिघडलेलं नाही, पाणी बदललंय. बसवताना आम्हीच बोअरचं विचारायला पाहिजे होतं.”

हे वाक्य माझ्या दृष्टीने फार मोलाचे आहे. फिल्टर आणि मेंब्रेन वॉरंटीत येत नाहीत, असे कार्डावर स्पष्ट छापलेले होते, त्यामुळे दुकानाने पैसे मागितले असते तर आम्हाला काही बोलता आले नसते. त्यांनी मेंब्रेन स्वखर्चाने बदलून दिले, क्षार साठण्याचा वेग कमी करणारे अँटिस्केलंटचे कार्ट्रिज जोडले, आणि मेंब्रेन येईपर्यंत वीस लिटरचा जार घरपोच ठेवला. याआधी आमच्याकडे दुसऱ्या एका कंपनीचे मशीन होते. तिथे टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली की कोणी घरी येण्याआधीच तक्रारीचे निवारण झाल्याचा मेसेज येत असे.

असे असले तरी पहिल्या दुरुस्तीनंतर आम्ही समाधानी होतो, एवढेच म्हणता येईल. त्यांच्याशी कायमचे बांधले गेलो नव्हतो. चांगल्या रीतीने निस्तरलेल्या चुकीनंतर ग्राहक पूर्वीपेक्षाही खूश होतो, ही कल्पना मॅककॉलो आणि भारद्वाज या अभ्यासकांनी १९९२ मध्ये मांडली. पुढे २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा समाधान वाढलेले आढळले, पण पुन्हा खरेदी करण्याचा इरादा वाढल्याचे दिसले नाही. आमच्या घरचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो.

दुसरा बिघाड जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीच्या दिवसांत झाला. या वेळी अ‍ॅडॉप्टर जळाला होता. आलेल्या मुलाकडे तो सुटा भाग नव्हता. संध्याकाळी येतो म्हणाला आणि आला नाही. याचा आम्हाला राग आला आणि तो रास्तच होता. सकाळी आम्ही फोन करण्याआधी मालकांचाच फोन आला. माणूस दुसरीकडे अडकला होता आणि तसे कळवायचे राहून गेले, हे त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले आणि तासाभरात अ‍ॅडॉप्टर घेऊन ते स्वतः आले. पुढे त्यांना शेजारच्या इमारतीत नवे मशीन बसवायचे होते आणि त्याचा छापील फॉर्म ओट्यावर ठेवलेला होता. त्यात तीन नवे प्रश्न होते: बोअर आहे का, टँकर येतो का, टाकी एकच आहे का. खाली दोन्ही पाण्यांच्या टीडीएससाठी वेगवेगळे रकाने होते. विचारल्यावर ते म्हणाले, “तुमच्या तक्रारीनंतर छापून घेतले. उन्हाळ्यात आणखी दोन घरांत असंच झालं होतं.”

करार पुन्हा करायचा, हे आम्ही तेव्हा ठरवले. फुकट मेंब्रेन एका घराला मिळते. फॉर्म बदलल्यामुळे पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे नुकसान टळते. तक्रार ऐकून कामाची पद्धत बदलणारे दुकान उद्याही आपले ऐकेल, अशी खात्री वाटते, आणि गोड बोलण्याने किंवा सवलतीने ती खात्री कधी वाटली नव्हती.

उणिवाही सांगायला हव्यात. पाहुणे आले की टाकी अपुरी पडते. बोअरचे पाणी असताना वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात, म्हणून ते आम्ही फरशी आणि संडासासाठी वापरतो, झाडांना घालत नाही. नळाची तोटी ढिली झाली आहे आणि ती अजून बदलून मिळालेली नाही. पुढच्या सर्व्हिसला बदलू, असे सांगितले आहे.

सोलापुरात नवे मशीन घेणाऱ्यांनी नळाचे आणि बोअरचे पाणी वेगवेगळे मोजून घ्यावे, दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत, आणि वर्षाच्या आत मेंब्रेन गेले तर खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी विचारावे. या प्रश्नाचे उत्तर दुकानदार कसे देतो, त्यावरून पुढच्या तक्रारीच्या वेळी काय होईल याचा बराच अंदाज येतो.