रिकॉलच्या नावाखाली बनावट बॅटऱ्या: ११,१०० रुपये गेले आणि घर थोडक्यात वाचलं

आधी आकडा सांगतो. तीन लॅपटॉपच्या बॅटऱ्या, प्रत्येकी ३,४५० रुपये ‘परत मिळणारं डिपॉझिट’, म्हणजे १०,३५०. वर प्रत्येकी २५० ‘हँडलिंग’चे, ७५०. एकूण ११,१०० रुपये. मुलीचा ४६,५०० चा लॅपटॉप जळाला तो वेगळाच.

खान्देशात तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. दोन लॅपटॉप सेंटरमध्ये, एक मुलीकडे. फोन आला तेव्हा समोरच्याने तिन्ही मॉडेल सांगितले, वर सिरीयल नंबरचे शेवटचे आकडेही बरोबर सांगितले. "सर, तुमच्या बॅटऱ्या कंपनीने रिकॉल केल्यात, म्हणजे परत मागवल्यात, आगीचा धोका आहे, वापरू नका." आता मला सांगा, सिरीयल नंबर सांगणाऱ्यावर कोण संशय घेईल? हे नंबर फक्त दुरुस्तीच्या दुकानातल्या जॉबशीटवर लिहिलेले होते. तिथून बाहेर कसे गेले, याचं उत्तर त्या दुकानदाराने आजवर दिलेलं नाही.

आणि रिकॉल हा प्रकार काही खोटा नाही. २००६ मध्ये सोनीने बनवलेल्या बॅटरीच्या सेलमध्ये धातूचे बारीक कण राहिले, आत शॉर्टसर्किट व्हायला लागलं, म्हणून डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. २०१९ मध्ये अॅपलने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ दरम्यान विकलेल्या काही १५ इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या बदलून दिल्या. हे मला माहीत होतं, म्हणूनच त्याचं बोलणं खरं वाटलं. पण त्या सगळ्या बॅटऱ्या कंपन्यांनी फुकट बदलून दिल्या. डिपॉझिट नाही, हँडलिंग नाही, एक रुपया नाही. रिकॉलसाठी पैसे मागितले की तो चोर, एवढं डोक्यात पक्कं करा.

दुसऱ्या दिवशी गळ्यात ओळखपत्र घातलेला पोरगा आला. खुर्चीवर बसला, भराभर स्क्रू काढले, जुन्या चांगल्या बॅटऱ्या पिशवीत टाकल्या. "या कंपनीला परत पाठवाव्या लागतात काका." तेही पटलं. पैसे मात्र कंपनीच्या नावावर गेले नाहीत, एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर गेले. "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत," म्हणे.

तो क्षण अजून डोळ्यासमोरून हलत नाही. तिसरी बॅटरी बसवताना तिचं लेबल कोपऱ्यात जरा उचकटलेलं होतं आणि खालून दुसरं, मळकट लेबल दिसत होतं. मी बोटही लावलं त्याला. "हे काय?" तर म्हणे, "एक्स्पोर्टचं लेबल काकाजी, वरून इंडियाचं लावतात." समोर दाखल्यांसाठी माणसं ताटकळत उभी, सर्व्हर नुकताच चालू झालेला. मी गप्प बसलो. तेव्हाच हात धरून शेजाऱ्यांना बोलवायला हवं होतं. नंतर बघितलं तर लेबलवर आयएस १६०४६ हा बॅटरीच्या सुरक्षेच्या भारतीय मानकाचा नंबर नव्हता, ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांकही नव्हता. भारतात विकायच्या लिथियम बॅटरीवर हा क्रमांक लागतोच, आणि भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून तपासता येतो. आधी तपासा, मग स्क्रू काढू द्या.

मे महिना, आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर. रात्री लाइट आली म्हणून मुलीने लॅपटॉप गादीवरच चार्जिंगला लावला. त्याआधी ती म्हणत होती, "पप्पा, टचपॅड वर आलंय, क्लिक होत नाही." ते ऐकल्याबरोबर बॅटरी काढायला लावली असती तर! टचपॅड वर येणं म्हणजे खाली बॅटरी फुगलेली असते. अशा वेळी चार्जर लगेच काढा, लॅपटॉप बंद करा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. मध्यरात्री फस्स आवाज झाला, गोडसर केमिकलचा वास आला आणि गादीतून धूर निघाला. मी मेन स्विच पाडला आणि बादल्यांनी पाणी ओतलं. वरून ब्लँकेट टाकू नका, आतली उष्णता कोंडते आणि एका सेलचा ताप दुसऱ्याला लागतो. मुलगी वाचली. उरलेल्या दोन बॅटऱ्या सकाळी काढून वाळूच्या बादलीत ठेवल्या.

आता पुढचं. पोलीस ठाण्यात म्हणाले, "फोनवरून झालं ना, मग सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "माणूस घरी आला, पैसे तुम्ही हाताने पाठवले, मग ठाण्यातच जा." बँकेत मॅनेजर म्हणाला, व्यवहार तुम्हीच मंजूर केला. सायबर हेल्पलाइनच्या १९३० नंबरला पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येतात, पण आम्हाला फसवणूक कळली तीच आगीनंतर! तोवर त्या बाईचं खातं रिकामं. कंपनीच्या कस्टमर केअरवाली तर मलाच ऐकवते, "सर, आपण अनधिकृत बॅटरी बसवलीत, वॉरंटी गेली." अहो, तुमच्या नावाचं ओळखपत्र घालून पोरगा गावोगाव फिरतोय, त्याचं काय? एवढं लिहून घ्यायलाही तयार नाही. ठाण्यात बॅटऱ्या पुरावा म्हणून नेल्या, तर हवालदार दोन पावलं मागे सरकला. "ते आत आणू नका भाऊ." माझ्या घरात त्या चालतात का?

त्या पोराने दिलेल्या पावतीवरचा जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होतो, म्हणजे गुजरातचा. महाराष्ट्राचा २७ ने होतो. जीएसटीच्या साइटवर टाकला, तर असा क्रमांकच नाही. पैसे देण्याआधी मोबाइलवर हे मिनिटभरात कळतं. रिकॉलची यादीसुद्धा कंपनीच्या साइटवर स्वतः सिरीयल नंबर टाकून बघा. फोनवाल्याने पाठवलेली लिंक उघडू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात दुरुस्ती दुकानाविरुद्ध अर्ज तयार केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. धुळे, नंदुरबार, शिरपूर, चोपडा, कुठेही हाच पोरगा आला असेल, २४ ने सुरू होणारी पावती दिली असेल, तर पावतीचा आणि लेबलचा फोटो काढून ठेवा आणि लेखी तक्रार द्या, पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. माझ्या एकट्याच्या तक्रारीवर ‘चौकशी चालू’ एवढंच लिहिलंय.