आई-बाबांना वाचायला काय घेऊन द्यायचं: ई-रीडर, टॅबलेट की ऑडिओबुक?

आयुष्यभर वाचत आलेलं माणूस अचानक "हल्ली वाचायचा कंटाळा येतो" म्हणायला लागलं की समजून जावं, बहुतेक वेळा कंटाळा बिंटाळा काही नसतो, दिसायला त्रास होत असतो. अक्षर बारीक वाटतं, संध्याकाळी तर जमतच नाही, आणि हे तोंडाने सांगणं जिवावर येतं. मग मुलं ठरवतात की वाढदिवसाला काहीतरी चांगलं घेऊन देऊ आणि तिथून सुरू होतं, ई-रीडर घेऊ की टॅब, की ऑडिओबुकचं सबस्क्रिप्शनच देऊन टाकू. आमच्या घरात आणि नात्यात तिन्ही गोष्टी वापरात आहेत, कोणाला काय मानवलं आणि काय कपाटात जाऊन पडलं ते बघून माझं जे मत झालंय ते सांगते.

पण त्याआधी एक, काहीही विकत घ्यायच्या आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनने मोकळं होता येतं, चष्म्याचा नंबर बदललेला असेल तर तो प्रश्न तर अगदीच सोपा. सरळ रेघ वाकडी दिसतेय किंवा नजरेच्या मधोमध धूसर डाग आहे असं कोणी म्हणालं तर गिफ्ट वगैरे राहू दे, लगेच डॉक्टर गाठा, तो डोळ्याच्या पडद्याचा आजार असू शकतो आणि त्यात वेळेला फार किंमत आहे. दुसरं म्हणजे उजेड. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आपल्याला जी खोली छान उजळलेली वाटते ती त्यांना अंधारी वाटत असते. खांद्यामागून थेट पानावर पडणारा एक चांगला दिवा लावल्यावर छापील पुस्तक परत हातात आलंय असंही होतं, आणि तसं झालं तर पुढचं काही वाचायचीसुद्धा गरज नाही.

आता ई-रीडर आणि टॅबलेट. दिसायला दोन्ही पाट्याच, पण स्क्रीनची जात पूर्ण वेगळी. ई-रीडरच्या पडद्यात अगदी सूक्ष्म कुप्या असतात, त्यात काळे आणि पांढरे कण, विजेने ते वरखाली होतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की तसंच राहतं, त्याला वीज लागत नाही, म्हणून तर बॅटरी आठवडे चालते. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतल्या संशोधनातून आलं, १९९७ साली ई इंक कंपनी निघाली आणि २००७ मध्ये ऍमेझॉनचा किंडल हा ई-रीडर आल्यावर ते घरोघरी माहीत झालं. तो पडदा स्वतः उजेड फेकत नाही, बाहेरच्या उजेडात कागदासारखा वाचता येतो, अगदी भर उन्हात सुद्धा, आणि रात्रीसाठी कडेला बारीक दिवे असतात त्यांचा उजेड पानावर पडतो. टॅबलेटचा पडदा मात्र मागून उजळलेला, उजेड सरळ डोळ्यात, वर काच चकचकीत म्हणजे खिडकी नाहीतर डोक्यावरची ट्यूब त्यात दिसणार.

इथे एक गैरसमज फार फिरतो की टॅबने डोळे खराब होतात आणि ई-रीडरने नाही. असं सिद्ध झालेलं नाही, स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही असं अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकॅडमीसुद्धा सांगते. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्याने डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात, तो त्रास खरा आहे. पण वयस्कर माणसाच्या बाबतीत खरा फरक पडतो तो चमकेचा. मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर उजळ पडद्यावर अक्षरांच्या भोवती धुकं आल्यासारखं होतं आणि पांच मिनिटांत माणूस टॅब बाजूला ठेवतो. काहींना काळ्यावर पांढरी अक्षरं केली की बरं वाटतं, काहींना त्याने उलट अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, विशेषतः सिलिंड्रिकल नंबर असेल तर. त्यामुळे हे त्यांनाच दाखवून ठरवायचं, आपल्या डोळ्यांनी नाही. निव्वळ गोष्टीची पुस्तकं, कादंबऱ्या, चरित्रं तासन्‌तास वाचायची असतील तर माझं मत सरळ ई-रीडरला आहे.

फक्त साइझ बघून घ्या. लोक सहा इंची ई-रीडर घेतात कारण हातात छान बसतो, पण अक्षर मोठं केलं की काय होतं, एका ओळीत तीन-चार शब्द मावतात, मराठीत वर वेलांट्या-मात्रा खाली उकार त्यामुळे ओळींमध्येही जागा जाते, आणि दर काही सेकंदांनी पान उलटत बसावं लागतं. वाचनाची लय तुटते. ज्यांना अक्षर खरंच मोठं लागतं त्यांना सात इंच किंवा त्याहून मोठाच घ्या. वजनाचं म्हणाल तर छोटे ई-रीडर दोनशे ग्रॅमच्या आसपास असतात आणि दहा-अकरा इंची टॅब अर्धा किलोच्या जवळपास, आडवं पडून वाचणाऱ्याला हा फरक मनगटात कळतो.

मराठी वाचणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि दुकानात कोणी तो सांगत नाही. त्यांना नेमकं काय वाचायचंय आणि ते कुठल्या स्वरूपात मिळतं? किंडलच्या दुकानात २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत, ती व्यवस्थित चालतात, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. ईपब म्हणजे ई-पुस्तकांच्या नेहमीच्या प्रकारातली फाइल असेल तर २०२२ पासून तीही किंडलला पाठवता येते, कोबो वगैरे दुसऱ्या ई-रीडरवर तर ती थेट उघडते. पण बरीच जुनी मराठी पुस्तकं फक्त स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळतात, म्हणजे पानांचे फोटोच ते. त्यात फाँट मोठा होत नाही, नुसतं झूम होतं, आणि मग प्रत्येक ओळ वाचायला पान डावीकडून उजवीकडे सरकवायचं, परत डावीकडे आणायचं. ई-रीडरवर पडदा हळू बदलत असल्याने हे सरकवणं इतकं वैताग देतं की कोणीही सोडून देईल. अशी पुस्तकं, मासिकं, नकाशे, रंगीत चित्रं हेच मुख्य वाचन असेल तर मोठा टॅबच बरा. शिवाय काही मराठी ई-पुस्तकं विक्रेत्याच्या स्वतःच्या ऍपमध्येच उघडतात, साध्या ई-रीडरवर येतच नाहीत. अँड्रॉइडवाले ई-रीडर मिळतात, त्यात ऍप टाकता येतात, पण त्यातली सेटिंगं बघता मी ते आईच्या हातात देणार नाही. तेव्हा आधी त्यांच्या आवडीच्या दहा पुस्तकांची यादी करा, ती कुठे आणि कशात मिळतात ते शोधा, आणि एखादं मराठी पुस्तक त्या मशीनवर उघडून जोडाक्षरं नीट दिसतायत का तेही बघून घ्या. निम्मा निर्णय तिथेच होतो.

हातांचा विचार तर कोणी करतच नाही. वयाबरोबर बोटांची त्वचा कोरडी होते आणि टचस्क्रीनला ती नीट कळत नाही. मग काय होतं, बाबा एकदा टेकवतात, पान उलटत नाही, म्हणून जोर लावून बोट दाबून धरतात, तर शब्द निवडला जातो, वर डिक्शनरीची चौकट उघडते, ती बंद करायला जातात तर ओळ हायलाइट होते, आणि शेवटी "हे बिघडलंय बघ" म्हणून मशीन आपल्या हातात. बिघडलेलं काही नसतं. पान उलटायला खरी बटणं असलेले ई-रीडर मिळतात आणि ज्यांचे हात थरथरतात किंवा बोटं दुखतात त्यांच्यासाठी बटणाला पर्याय नाही असं मी म्हणेन. आणि हो, ई-रीडरवर पान बदलताना मधूनच सगळा पडदा काळा होऊन लखलखतो, तो मागच्या अक्षरांची छाया पुसण्यासाठी, हे देतानाच सांगून ठेवा नाहीतर ते घाबरतात.

टॅबलेटच्या बाजूने बोलायचं तर त्याचा मोठा गुण हा की तो नुसता वाचायचा नसतो. नातवंडांशी व्हिडिओ कॉल, जुनी गाणी, पेपर, फोटो सगळं त्यात, आणि एकटं राहणाऱ्या माणसासाठी हे पुस्तकाइतकंच मोलाचं आहे. पण तोच त्याचा तोटा. वाचता वाचता मेसेज टिणटिणतो, अपडेटची खिडकी येते, कूस बदलली की पान आडवं होतं, आणि पुस्तक कुठल्या कुठे राहतं. टॅब द्यायचाच तर नोटिफिकेशन बंद करून द्या, स्क्रीन फिरणं लॉक करा, पहिल्या पानावर चार-पाचच आयकॉन ठेवा, आणि एक स्टँड घ्याच. रोज चार्जिंग लागणार हेही आलंच. ज्यांना आधीपासून फोनची सवय आहे त्यांना टॅब लगेच जमतो, ज्यांना फोनचाच राग येतो त्यांच्यावर तो लादू नका.

अकाउंटचं एक बारीक पण डोकं खाणारं प्रकरण आहे. सोय म्हणून आपण आपलंच अकाउंट त्यांच्या किंडलवर टाकतो आणि मग आपण फोनवर तेच पुस्तक वाचायला घेतलं की त्यांचं मशीन विचारतं, तुम्ही पान अमुकवर होतात, तिथे जायचं का. ते हो म्हणतात आणि दीडशे पानं पुढे. त्यांचं वेगळं अकाउंट काढा, फॅमिली शेअरिंगची सोय मिळत असेल तर त्याने पुस्तकं द्या, किंवा निदान हे सिंक बंद ठेवा. खरेदीला पासवर्ड लावा, चुकून बोट लागून पुस्तक विकत घेतलं जातं आणि त्यांना उगाच अपराधी वाटत राहतं. आणि एक समजून असा की ही पुस्तकं छापील पुस्तकासारखी आपल्या मालकीची नसतात, वाचायची परवानगी असते. ऍमेझॉनने २००९ मध्ये हक्कांच्या भानगडीवरून विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत केले, पण काढली. ज्यांना पुस्तकं जपून ठेवायची, कोणाला तरी द्यायची हौस आहे त्यांना हे खटकू शकतं.

आता ऑडिओबुक. याच्याकडे लोक शेवटचा उपाय म्हणून बघतात ते मला पटत नाही. डोळे खरोखरच साथ देत नसतील, अक्षर कितीही मोठं करून मधला भाग दिसतच नसेल, तर मोठ्या पडद्याच्या मागे लागून त्या माणसाला रोज नव्याने हरवू नका, सरळ ऐकायला द्या. आणि डोळे ठीक असले तरी भाजी निवडताना, पाय शेकत बसल्यावर, झोप येत नसताना ऐकणं हा वेगळाच आनंद आहे. स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या ऍपवर मराठी बरंच आहे, चांगल्या वाचकांच्या आवाजात. इंग्रजी चालत असेल तर लिब्रिवॉक्स या वेबसाइटवर स्वयंसेवकांनी वाचलेली हक्कमुक्त पुस्तकं २००५ पासून फुकट आहेत. अंधत्व किंवा तीव्र दृष्टिदोष असेल तर डेझी नावाच्या प्रकारातली पुस्तकं असतात, त्यात प्रकरणं आणि पानं शोधता येतात, आणि २०१३ च्या मराकेश करारामुळे अशा वाचकांसाठी पुस्तकं सुलभ स्वरूपात करून द्यायला बऱ्याच देशांत कायद्याची वाट मोकळी झालीये, जवळच्या अंधांसाठीच्या ग्रंथालयात चौकशी जरूर करा.

अडचणी आहेत, नाही असं नाही. ऐकता ऐकता डोळा लागतो आणि उठेपर्यंत तीन प्रकरणं पुढे गेलेली असतात, मग कुठे होतो ते शोधता शोधता रस निघून जातो. स्लीप टायमर, म्हणजे ठरलेल्या वेळाने आपोआप बंद व्हायची सोय, लावायला शिकवा, वीस मिनिटांचा पुरतो. वेग थोडा कमी करून द्या. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे स, फ, थ ऐकायला गडबड होते, आवाज वाढवून फारसा उपयोग नसतो, स्पष्ट वाचणारा आणि पार्श्वसंगीत नसलेलं रेकॉर्डिंग लागतं. कानाचं मशीन ब्लूटूथवालं असेल तर त्याच्याशीच जोडा. आणि काही माणसांना ऐकलेलं लक्षात राहत नाही, मागचं पान उलटून बघितल्याशिवाय त्यांना वाचल्यासारखंच वाटत नाही, अशांना बळजबरी करू नका.

कोणासाठी काय, तर माझं असं आहे. दिसतंय पण थकायला होतं, कादंबऱ्या आवडतात, पुस्तकं ई-पुस्तकात मिळतायत: ई-रीडर, शक्यतो मोठा आणि बटणांचा. मासिकं, स्कॅन, पेपर, व्हिडिओ कॉल सगळं एकात हवं आणि फोन सहज वापरतात: टॅब. अक्षर मोठं करूनही जमत नाही किंवा हातात काही धरवतच नाही: ऑडिओ, सोबत एक साधा स्पीकर. दोन घ्यायची ऐपत असेल तर ई-रीडर आणि ऑडिओ ही जोडी मला सगळ्यात आवडते, दिवसा वाचायचं आणि रात्री ऐकायचं.

तरीही ठरत नसेल तर लगेच काही घेऊच नका. त्यांच्या असलेल्या फोनवर नाहीतर घरातल्या जुन्या टॅबवर किंडलचं फुकट ऍप टाका, त्यांच्या आवडीचं एक पुस्तक मोठ्या अक्षरात उघडून ठेवा, आणि दुसरं एक ऑडिओमध्ये. आठवडाभर काही विचारू नका, नुसतं बघा कुठलं किती पुढे गेलंय. आणि मग जे घ्याल ते खोक्यात पॅक करून देऊ नका. वायफाय, अकाउंट, अक्षराचा आकार, दोन-तीन पुस्तकं सगळं आधी भरून द्या, पहिले काही दिवस रोज थोडा वेळ शेजारी बसा, आणि मशीन त्यांच्या हातातून न घेता, तोंडाने सांगून, त्यांच्याच बोटाने सगळं करून घ्या.