मोजपट्टी खरी, ट्रॅक खोटा

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरमध्ये शिरलेले कीविनॉ नावाचे द्वीपकल्प आहे. पुण्याहून होटन येथील मिशिगन टेक विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी येथे आलो आणि नोकरीही याच भागात मिळाल्याने येथलाच झालो. दर हिवाळ्यात विद्यापीठातील तीन-चार मराठी मुले वर्गणी काढून एखादी जुनी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी गाडी, घेतात, आणि तिचा ट्रॅक बदलायची वेळ आली की त्यांच्यापैकी कोणीतरी माझ्याकडे सल्ला विचारायला येतो. सल्ला देणारा हा गृहस्थ गेल्याच वर्षी याच व्यवहारात स्वतः पुरता फसला आहे, हे त्यांना ठाऊक नसते. ते सांगायला लाज वाटते हे खरे, पण न सांगितल्यास त्यांच्यापैकी एखादा त्याच खड्ड्यात पडेल.

ट्रॅक म्हणजे गाडीच्या पोटाखाली फिरणारा अखंड रबरी पट्टा, आणि त्यावर आडव्या रांगांत उभे असलेले रबरी दाते म्हणजे लग. कोणता ट्रॅक घ्यावा हा प्रश्न आमच्या भागात जरा अवघड होतो, कारण येथे दोन्ही प्रकारचा बर्फ एकाच फेरीत भेटतो. येथील बरेच ट्रेल म्हणजे तांब्याच्या खाणींच्या काळातील रूळ उखडलेले आगगाडीचे मार्ग आहेत. ग्रूमर फिरवून त्यांवरचा बर्फ दाबून सपाट केला जातो आणि मोसम सरत आला की वळणांवर तो काचेसारखा गुळगुळीत होतो. त्याच ट्रेलपासून पन्नास पावले जंगलात शिरावे, तर कमरेएवढा भुसभुशीत बर्फ. 1978–79 च्या हिवाळ्यात कीविनॉ जिल्ह्यात 390.4 इंच, म्हणजे जवळजवळ 10 मीटर बर्फ पडला होता आणि तो आकडा दाखवणारा उंच फलक महामार्गाच्या कडेला मुद्दाम उभा केलेला आहे.

निव्वळ ट्रेलवर चालवणाऱ्याला सव्वा इंची लग पुरतात, पण खोल बर्फात ते नुसते जागीच फिरून गाडीखाली खंदक खणतात. याउलट डोंगरातल्या खोल बर्फासाठी घडवलेले अडीच इंची लग कडक ट्रेलवर दुमडतात, तापतात, मुळाशी फाटू लागतात आणि ब्रेक दाबल्यावर गाडी लवकर थांबत नाही. म्हणून दोन्हीकडे हिंडणाऱ्याने दीड ते पावणेदोन इंचांच्या दरम्यान राहावे, असे येथील जाणकार सांगतात आणि माझेही तेच मत आहे. परंतु लगची उंची हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग पट्ट्याच्या अंगात असतो. रबराच्या आत कापडाचा एकच थर असला तर ट्रॅक हलका आणि लवचीक होतो, म्हणून तो भुसभुशीत बर्फात उत्तम चालतो, मात्र त्यात पोलादी स्टड, म्हणजे कडक बर्फात रुतणारे टोकदार खिळे, ठोकता येत नाहीत. दोन थरांचा ट्रॅक जड आणि ताठ असतो आणि स्टडची ओढ सोसतो. मला बर्फाळ वळणांसाठी स्टड हवे होते, त्यामुळे दीड इंची लग आणि दोन थर ही माझी अट होती.

आणखी एक माप असते ते पिचचे, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या बाजूस असलेल्या ज्या उंचवट्यांना ड्राइव्हरचे, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दाते ढकलतात, त्यांच्यामधील अंतराचे. माझी गाडी 15 इंच रुंद, 137 इंच लांब आणि 2.86 इंच पिचच्या ट्रॅकची आहे, त्यामुळे एका फेऱ्यात 48 पिच बसतात. 2.52 पिचचा 136 इंची ट्रॅकही जाहिरातींत सर्रास ‘137’ म्हणून खपवला जातो, पण त्यात 54 पिच असतात आणि तो माझ्या ड्राइव्हरवर बसतच नाही. हे मला ठाऊक असल्याने विक्रेत्याला मी सर्वांत आधी पिच विचारला. त्याने क्षणात बरोबर उत्तर दिले, वर 48 पिच मोजून दाखवणारा व्हिडिओही पाठवला, आणि माझी शंका तेथेच मेली. ज्या प्रश्नाचे उत्तर खरे होते, तोच प्रश्न मी तपशिलाने विचारला होता.

जाहिरात ‘टेक-ऑफ’ ट्रॅकची होती. नवी गाडी घेतल्याबरोबर मालकाला वेगळा ट्रॅक हवा असेल तर मूळचा ट्रॅक काढून विकतात, त्याला हे नाव आहे, आणि असे खरे टेक-ऑफ ट्रॅक उत्तम असतात. याचा ट्रॅक म्हणे फक्त 200 मैल चालला होता. फोटोत लगला पोलादी मोजपट्टी लावलेली होती आणि ती बरोबर दीड इंच दाखवत होती. नव्या ट्रॅकला त्या वेळी मला हजार डॉलरच्या आसपास खर्च आला असता, हा 380 डॉलरला मिळत होता. ‘दोन थरांचा आहे ना? स्टड मारायचे आहेत,’ असे मी लिहून विचारले. ‘अगदी तयार आहे, बिनधास्त मारा,’ असे उत्तर आले.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी विस्कॉन्सिनच्या हद्दीपलीकडच्या एका पेट्रोल पंपावर आम्ही भेटलो. साडेपाचलाच मिट्ट काळोख झाला होता आणि पारा उणे 18 अंशांवर होता. ट्रॅक घट्ट गुंडाळून दोन पट्ट्यांनी आवळलेला होता, त्यामुळे आतली बाजू दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पट्टे सोडायला सांगावे असे मनात आले होते. पण थंडीत त्या माणसाला ताटकळत ठेवणे मला अवघड वाटले, आणि या भिडेची किंमत मी पुढे भरली. ट्रॅक वाकवून पाहिला तर लाकडासारखा ताठ लागला, त्यावरून मी समाधानाने दोन थरांचा निष्कर्ष काढला. वास्तविक उणे 18 अंशांत असले रबर ताठच होते, आणि हे चार वर्षे इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते. हातमोज्यांना काळे लागले, ती मी धूळ समजलो. पैसे त्याच्या आग्रहावरून फोनवरून ‘मित्राला पाठवा’ या पर्यायाने दिले. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलेही संरक्षण नसते, हे मी नंतर वाचले.

जानेवारीत गॅरेज तापवून मी मागचे सस्पेन्शन आणि ड्राइव्ह शाफ्ट उतरवला आणि सबंध शनिवार घालवून ट्रॅक चढवला. त्याआधी त्यात 96 भोके पाडून स्टड बसवले होते. स्टडचे टोक लगच्या वर दोन-तीन सूत राहावे आणि टनेलमध्ये, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या ज्या पोकळीत ट्रॅक फिरतो तिच्यात, कोठे घासू नये, हे सगळे मापून घेतले. मापात मी कोठेही चुकलो नाही.

तिसऱ्या फेरीत कॅल्युमेटहून कॉपर हार्बरकडे जाताना एका लांब वळणावर पोटाखालून डबा आपटल्यासारखा आवाज आला. थोड्याच वेळात तापमानाचा दिवा लागला. उतरून पाहिले तेव्हा मागे बर्फावर कूलंटची बारीक धार थेट वळणापर्यंत गेलेली होती आणि टनेलमधून गोडसर वास येत होता. चार स्टड आपल्या चकत्यांसकट पट्ट्यातून उपटून आले होते आणि त्यांतल्या एकाने टनेलमधला, कूलंट थंड करणारा हीट एक्स्चेंजर फाडला होता. एका ओळखीच्या मेकॅनिकने संध्याकाळी आपल्या गाडीला बांधून मला ओढत आणले.

गॅरेजमध्ये त्याने ट्रॅककडे फार वेळ पाहिले नाही. भोके पाडताना निघालेले रबराचे गोल तुकडे मी केराच्या बादलीत टाकले होते, त्यांतला एक त्याने उचलला, चाकूने उभा चिरला आणि माझ्या तळहातावर ठेवला. काळ्या रबरात कापडाची फिकट रेघ दिसत होती. एकच. असे 96 पुरावे महिनाभर माझ्या पायाशी पडलेले होते.

मग त्याने लगच्या टोकावर नख फिरवायला सांगितले. साच्यातून निघालेला लग टोकाकडे निमुळता होत जातो आणि त्याच्या कडा सुबक असतात, नव्या ट्रॅकवर तर साच्यातील रबराचे बारीक केसही राहिलेले असतात. येथे टोके जाड, सपाट होती आणि त्यांवर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे होते. हा मुळात पावणेदोन इंची, एकेरी थराचा, फाटलेल्या टोकांचा झिजका ट्रॅक होता. तो ग्राइंडरवर घासून दीड इंचाचा केला होता आणि वरून टायरला लावतात ते काळे पॉलिश फासले होते. मोजपट्टी खोटे बोललीच नव्हती. घडवताना रबरात उमटवलेला क्रमांक जेथे असायचा, तेथे तळहाताएवढा भाग घासून गुळगुळीत केलेला होता. आतल्या बाजूच्या धातूच्या क्लिपांवर खोल चर पडलेले होते, ते काही 200 मैलांत पडत नाहीत. हे चर पाहायला दोन मिनिटे पुरली असती, फक्त ते दोन पट्टे सोडायला हवे होते.

विक्रेत्याला मी फोटो पाठवले. त्याचे एकच उत्तर आले, की व्यवहार ‘जसा आहे तसा’ झाला होता, आणि त्यानंतर त्याचा नंबर बंद झाला. स्थानिक पोलिसांनी तक्रार ऐकून घेतली, पण हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले. शिवाय समोरचा माणूस दुसऱ्या राज्यात. ‘अगदी तयार आहे, बिनधास्त मारा’ हे त्याने लिहून दिलेले होते, एवढीच माझी जमेची बाजू होती, परंतु त्याचे खरे नाव-पत्ता मी कधी विचारलाच नव्हता. स्टड, हीट एक्स्चेंजर, कूलंट आणि नंतर विकत घेतलेला नवा ट्रॅक धरून 380 डॉलरचा हा सौदा मला 2,000 डॉलरच्या वर गेला.

आता कोणी मुलगा जुना ट्रॅक पाहायला निघाला की मी त्याला दिवसाउजेडी जायला सांगतो आणि ट्रॅक आदल्या रात्रीपासून घरात, उबेला ठेवण्याची विनंती विक्रेत्याला आधीच करायला लावतो, कारण मऊ पडलेले रबरच खरे वागते. ट्रॅक पूर्ण उलगडून आतल्या क्लिपा पाहायच्या, घडणीतला क्रमांक वाचायचा, आणि ट्रॅकमधल्या आरपार भोकांच्या, म्हणजे ‘खिडक्यां’च्या, कडेला कापडाचे थर टॉर्चने मोजायचे. पांढरे फडके ओले करून लगवर घासायलाही मी सांगतो. यांपैकी कशालाही विक्रेता कुरकुर करू लागला तर पेट्रोलचे पैसे गेले असे समजून परत यायचे.

तो ट्रॅक घ्यायला वसंतात दोन गिऱ्हाइके आली होती. एकाला त्याची बोटीच्या धक्क्यासाठी पायपुसणी करायची होती, दुसऱ्याने काहीच कारण सांगितले नाही. मी दोघांनाही नाही म्हटले, ट्रॅकचे करवतीने सहा तुकडे केले आणि ते टाकण्यासाठी कचरा केंद्रावर वेगळे शुल्क भरले.