फासबिंडरचं पुढचं काय बघू? आठ तासांची मालिका की तारेवरचं जग

‘अली’ बघून झालाय, ‘मारिया ब्राउन’ही बघून झालाय, आता जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचं पुढचं काय बघू, असं विचारणारं कोणीतरी नेहमी भेटतं. उत्तर देणं सोपं नाही, कारण हा माणूस 1982 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी गेला आणि तेवढ्यात 40 हून जास्त कामं करून गेला. पश्चिम जर्मनीतल्या टीव्हीसाठी केलेली त्यातली कितीतरी कामं आपल्याकडे फारशी कोणी पाहिलेली नाहीत. माझ्या मते खरी निवड त्यातल्याच दोघांत आहे. दोन्ही कोलोनच्या ‘डब्ल्यूडीआर’ वाहिनीसाठी, दोन्ही 16 मिलिमीटरच्या फिल्मवर आणि एकमेकांपासून जेमतेम वर्षभराच्या अंतरावर केलेली. तरी एकाच माणसाने केलीत यावर विश्वास बसणार नाही.

पहिलं, ‘आख्ट श्टुंडन झिंट काइन टाग’, म्हणजे आठ तासांचा काही दिवस होत नाही. कामगार कुटुंबाची ही पाच भागांची मालिका 1972-73 मध्ये दाखवली गेली. गंमत अशी की पाचही भाग मिळून लांबीही जवळजवळ आठ तासच आहे. दुसरं, ‘वेल्ट आम द्राट’, तारेवरचं जग. हा 1973 चा दोन भागांतला विज्ञानपट, साधारण साडेतीन तासांचा. डॅनियल गॅलोय या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवरून केलेला.

हातात एकच संध्याकाळ असेल तर प्रश्नच मिटला, ‘तारेवरचं जग’ लावा. एका संगणकात अख्खं शहर वसवलंय. त्यातल्या हजारो माणसांना आपण खोटे आहोत याचा पत्ताच नाही. या प्रकल्पाचा तांत्रिक प्रमुख गूढ रीतीने मरतो आणि त्याच्या जागी आलेला श्टिलर शोध घेऊ लागतो. एका पार्टीत सुरक्षा अधिकारी त्याच्याशी बोलता बोलता गायब होतो, आणि नंतर असा माणूस होता हेच कोणाला आठवत नाही. ‘मेट्रिक्स’च्या 26 वर्षं आधीचं हे. यंत्रं, स्फोट असलं फार काही नाही. भविष्यकाळ उभा केलाय तो पॅरिसमधल्या तेव्हाच्या नव्याकोऱ्या इमारतींतून आणि आरशांतून. मिशाएल बालहाउसचा कॅमेरा काचेतून, आरशातून, आरशातल्या आरशातून माणसं दाखवतो. थोड्या वेळाने आपणही चौकटीत आधी आरसा शोधायला लागतो. दुसऱ्या भागात पळापळ जरा लांबते, हे मात्र सांगून ठेवतो.

पण सवड असेल तर माझं मत मालिकेला. फासबिंडर म्हणजे घुसमट, अंधार, शेवटी कोणीतरी मरणार, असा जो ग्रह असतो तो इथे पार मोडतो. सुरुवात आजीच्या वाढदिवसापासून होते. शॅम्पेन आणायला बाहेर पडलेला नातू योखेन रस्त्यावरच्या विक्रीयंत्रापाशी मारिओनला भेटतो, आणि प्रेमकथा सुरू. योखेन अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. काम लवकर व्हावं म्हणून तो एक युक्ती शोधतो, तर व्यवस्थापन म्हणतं, काम सोपं झालं, मग बोनस कशाला? आपल्याकडच्या कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

आणि ती आजी! लुइझे उलरिखने कमाल केली आहे. ती म्हातारपणी मित्र करते, त्याच्यासोबत घर शोधते आणि बंद पडलेल्या वाचनालयात, परवानगीबिरवानगी न घेता, बालवाडी थाटते. आमच्या घरी रविवारी दुपारी हा भाग लावला होता. आई शेंगा सोलत बसली होती. तिला जर्मन कळत नाही, चष्म्याशिवाय सबटायटल्सही दिसत नाहीत. तरी दहा मिनिटांनी म्हणाली, “ही तर अगदी आपली आक्का!”

सबटायटल्सचा मुद्दा तसा खरा आहे. मालिकेत माणसं जेवताना, कारखान्यात, बिछान्यात अखंड बोलतात. मान खाली घालून भाजी चिरत बघण्यासारखी ती नाही. ‘तारेवरचं जग’ मात्र संवाद निसटला तरी डोळ्यांनी पुरेसं कळतं. दोन्हींच्या दुरुस्त प्रती आता आहेत. विज्ञानपटाची 2010 मध्ये बर्लिन महोत्सवात आली, मालिकेची 2017 मध्ये.

‘मार्था’चं नावही कोणीतरी सुचवेलच. 1974 चा, हक्कांच्या भानगडीत अडकल्यामुळे वर्षानुवर्षं न दिसलेला. चित्रपट जबरदस्तच आहे, पण नवरा बायकोला उन्हात करपू देतो आणि मग त्याच भाजलेल्या अंगाला झोंबतो, तो प्रसंग बघून मी उठून पाणी प्यायलो होतो. नवराबायकोने जोडीने बघायचा तर आपापल्या जबाबदारीवर. ‘तेरा चंद्रांचं वर्ष’ला सुरुवातीलाच हात घालू नका; त्यात खाटीकखान्याचं लांबलचक दृश्य आहे.

मालिकेवर तेव्हा टीकाही झाली. कामगार एवढे आनंदी कुठे असतात, आणि यात युनियन का दिसत नाही? आक्षेपात तथ्य आहे. मला तो आनंद पटला, तुम्हाला कदाचित भाबडा वाटेल. पहिला भाग बघून ठरवा. आजीशी सूर जुळला नाही तर पुढे रेटू नका.

आमच्याकडे पाचवा भाग संपल्यावर आईने विचारलं, “पुढचं कधी?” बेत आठ भागांचा होता. उरलेले तीन वाहिनीने होऊच दिले नाहीत.