यूएसबी कॅसेट प्लेअर: बाबांची पेटी त्यातून नीट ऐकू येते का?

दिवसा नोकरी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री देवळाच्या चौकात भजनाला पेटी, अशी माणसं गोव्यात वाड्यावाड्यावर होती. नाव कुठं छापून आलं नाही, पण चवथीची आरती त्यांच्या सुरावर उभी राहायची. असा घरचा माणूस गेला, की कपाटातून कॅसेटी निघतात. पाठीवर त्याच्याच अक्षरात तारीख आणि ‘भैरवी, दुसरी बाजू’. वर्षश्राद्धाआधी हे सगळं मोबाइलवर यावं म्हणून बहुतेक जण ऑनलाइन मिळणारा तळहाताएवढा यूएसबी कॅसेट प्लेअर मागवतात.

आमचं मत स्पष्ट आहे: त्याचं बोलणं जपायला हे यंत्र पुरतं, त्याची पेटी जपायला पुरत नाही.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगानं सरकायला हवी. या प्लेअरची मोटर आणि पट्टा हलक्या दर्जाचे असतात, त्यामुळे वेग सारखा राहत नाही. बोलण्यात ते लपतं. पेटीचा लांब धरलेला सूर मात्र लगेच थरथरतो, आणि ज्यानं तो सूर आयुष्यभर सरळ धरला त्याच्यावर हा अन्याय आहे. हा दोष संगणकावर सहज दुरुस्त होत नाही. पेटीसाठी कुणाकडे चालू स्थितीतला जुना डेक, म्हणजे म्युझिक सिस्टिमला जोडायचा मोठा कॅसेट प्लेअर, असेल तर तो मागून आणा, पट्टा नवा घाला, हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. डेकचा लाइन-आउट साउंड इंटरफेसच्या, म्हणजे आवाज संगणकात घेणाऱ्या डबीच्या, लाइन-इनला जोडा.

कुठल्याही यंत्रात कॅसेट घालण्याआधी ती उजेडात धरून खिडकीतून पाहा. गोव्याच्या पावसाळी दमटपणात फितीच्या कडांवर पांढरी भुकटी धरते. ती बुरशी. अशी कॅसेट वाजवली तर बुरशी हेडला लागते आणि तिथून चांगल्या कॅसेटींवर जाते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून फीत स्वच्छ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे आवाज अगदी क्षीण येणं. फितीमागच्या धातूच्या पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, त्याचा गोंद सुकून तो गळतो. स्क्रूची कॅसेट असेल तर रिळं उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवा. टेपरेकॉर्डर वापरणार असाल तर पाठीमागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान आधी मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाणार नाही.

आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर बहुधा हेडचा कोन चुकलेला असतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत झांजेचा आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथं थांबा. प्रत्येक कॅसेटला हे पुन्हा करावं लागतं, कारण मूळ टेपरेकॉर्डर वेगवेगळे होते. यूएसबी प्लेअर वापरताना गुणगुण येत असेल तर वीज सेलवरून द्या.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला घ्या, आवाजाची शिखरं उणे ६ डेसिबलच्या आत ठेवा. ६० मिनिटांची कॅसेट साधारण १ जीबी होते. ही मूळ वेव्ह फाइल दोन ठिकाणी ठेवा, नातेवाइकांना एमपी३ पाठवा. जे प्लेअर थेट पेनड्राइव्हवर एमपी३ करतात त्यांचा तो पर्याय वापरू नका, मूळ प्रतीतच आवाजाचा काही भाग गळलेला राहतो.

आता वेग. इथं त्याची पेटी कामाला येते. ती घरात असेल आणि मधल्या काळात सूर जुळवून घेतले नसतील, तर तिच्याइतका खात्रीचा मापदंड नाही. तो काळी एकमध्ये गायचा हे साथीदारांना आठवतंच. कॅसेट पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर, ऐकू येत असेल तर ती सुमारे ६ टक्के जलद चालली आहे. वेग आणि स्वर एकत्र बदलणारा पर्याय निवडा. नुसता स्वर उतरवला तर ताल तसाच घाईचा राहतो. देवळात सेलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटाकडे सूर चढत गेलेला दिसतो. तेव्हा सेल उतरत गेले आणि फीत मंदावली, म्हणून आता ती जलद वाटते. अशी बाजू तुकड्यांत कापून एकेक तुकडा पेटीशी जुळवा.

आवाज साफ करण्याचा मोह आवरा. खरखर काढणारं साधन जोरात लावलं की घुमट या वाद्याचा घुमारा पाण्यातून आल्यासारखा होतो आणि पेटीच्या भात्याचा श्वास पुसला जातो. दोन अभंगांमधलं खोकणं, ‘जरा वर घे’ म्हणणं, स्वयंपाकघरातून आलेली हाक, यातलं काहीही कापू नका. बाजू संपेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवा. गाणं थांबल्यावरही पुष्कळदा यंत्र चालूच राहिलेलं असतं, आणि तो घरच्यांशी साधं बोलत असतो तो तिथंच.