छत, विहीर की रान : पॅनल नेमकं कुठं बसवायचं?

दिवाळीत चुलत भाऊ केजहून आला तो तीन कागद खिशात घालूनच. एक घरावरच्या सोलरचा, दुसरा सौर पंपाचा आणि तिसरा चार एकर जमीन भाड्यानं मागणारा. "दादा, यातलं नेमकं कोणतं करू? आणि यानं परळीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचा धूर खरंच कमी होतो का?" दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, म्हणून वही काढून हिशेबच मांडला.

आधी मापाचं बोलू. किलोवॉट म्हणजे बैलाची ताकद आणि युनिट म्हणजे झालेली नांगरट. 2025 च्या मध्याला देशातल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-कोळसा, बिगर-तेल-वायू झाला. 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. तरीही प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सर्वांत मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. बैल दावणीला कितीही असोत, नांगरट किती झाली ते बघायचं. देशाच्या ग्रिडमधलं, म्हणजे सगळी वीजकेंद्रं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यातलं, एक युनिट सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. आपल्याकडे याला पाण्याचीही बाजू आहे. 2015 च्या नियमांनुसार जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागं साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची मुभा आहे. 2013 मध्ये परळीचं केंद्र बंद पडलं ते कोळशावाचून नव्हे, पाण्यावाचून.

आता छत. 3 किलोवॉटच्या संचातून सरासरी रोज 12 युनिट, म्हणजे वर्षाला चार हजारांवर युनिट मिळतात. साधारण तीन टन कार्बन डायऑक्साइड (पुढं नुसतं कार्बन म्हणू) वाचतो, शिवाय कुठल्या तरी केंद्रात एका मोठ्या टँकरभर पाणी. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार आणि 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण 78 हजार अनुदान मिळतं. पण गावातल्या घराला महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट लागत असतील तर 3 किलोवॉट कशाला? एक किलोवॉटही पुरतो. शंभर युनिटांनंतरचा दर चढा असल्यामुळे जास्त वीज जाळणाऱ्याचा पैसा लवकर वसूल होतो, कमी जाळणाऱ्याचा रेंगाळतो.

दोन गोष्टी विक्रेता आपणहून सांगत नाही. लाईट गेली की बॅटरी नसलेला छतावरचा संचही बंद पडतो. वर ऊन मी म्हणत असतं आणि खाली पंखा थांबलेला. खांबावर चढलेल्या लाईनमनला उलटा करंट लागू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. दुसरं म्हणजे मे महिन्याच्या उन्हावर फार भरवसा ठेवू नका. पॅनल तापलं की त्याची वीज घटते. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के. निरभ्र, थंड फेब्रुवारी त्याला जास्त मानवतो. आणि हो, जुन्या वाड्याच्या माळवदावर हे ओझं चढवू नका. स्लॅब पाहिजे, नाहीतर मजबूत अँगलवरचे पत्रे.

विहिरीचं गणित वेगळं आहे आणि भावाला मोह होता तो त्याचाच. सौर पंपाला शेतकऱ्याचा हिस्सा फक्त 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी, त्यावर साडेसात. रात्री दोन वाजता काळोखात, पायाखाली साप आहे की पाइप हे न कळता दारं धरायला जाणं ज्यानं भोगलंय, त्याला दिवसाच्या पाण्याची किंमत मी सांगायला नको. कोटेशन भरून वर्षानुवर्षं कनेक्शनची वाट बघणाऱ्यानं किंवा डिझेल इंजिनावर पाणी उपसणाऱ्यानं दुसरा विचारच करू नये. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोच्या वर कार्बन हवेत जातो.

पण भावाकडं कनेक्शन आहे आणि साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज मार्च 2029 पर्यंत मोफत आहे. त्याच्या विहिरीला मार्चमध्ये तळ दिसतो. 5 एचपीच्या पंपासोबत पावणेपाच किलोवॉटच्या आसपास पॅनल येतात. ते वर्षाला साडेसहा हजार युनिट देऊ शकतात. हरभऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या, थोडा ऊस, खरिपात एखादी उघडीप, एवढ्याला त्यातली दोन हजार वापरली तरी खूप. उरलेली ना घरात येतात ना ग्रिडमध्ये जातात, पॅनल नुसतं ऊन खात उभं राहतं. पंपाच्या काही कंट्रोलरवर (चालू-बंद सांभाळणाऱ्या पेटीवर) कडबाकुट्टी किंवा गिरणी चालते, ती सोय मिळाली तर जरूर घ्यावी. उलट विहिरीला पाणी असेल तर दिवसभर फुकट उपसा होतो आणि शेजारचं बोअर आटतं. त्याचा दोष सूर्यावर कसा टाकणार?

राहिलं रान. एका मेगावॉटला (हजार किलोवॉटला) साधारण चार एकर, म्हणजे एकरी अडीचशे किलोवॉट. वर्षाला साडेतीन लाखांपुढं युनिट आणि अडीचशे टनांच्या आसपास कार्बन. घरावरचे 3 किलोवॉटचे ऐंशी संच एकत्र केले तेव्हा कुठं एका एकराची बरोबरी होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत भाडं हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार, दरवर्षी 3 टक्के वाढ. एकरी पन्नास हजार झाले. सोयाबीन एकरी सात-आठ क्विंटल झालं आणि हमीभावानं गेलं, तरी बी-खत-फवारणी-काढणी वजा जाता एवढे हातात राहत नाहीत. शिवाय ही वीज जवळच्या उपकेंद्रातून शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतपंपांच्या वीजवाहिनीला, दिवसा मिळते. म्हणजे फीडर सौर झाला तर भावाचा जुना पंपही दिवसाच चालेल आणि नव्या पंपाचा प्रश्नच मिटेल.

मात्र काळं रान पंचवीस-तीस वर्षांसाठी पॅनलखाली घालायला मी हो म्हणणार नाही. मुरमाड, माळाची, पेरून पस्तावायची जमीन असेल तरच. ज्याच्याकडं रान बटईनं आहे त्याच्या पोटाचं काय, हेही आधी बोलून घ्यावं. करारात मुदत संपल्यावर पाया-खांब कोण उपटणार आणि भाडं थकलं तर काय, हे लिहून घ्यायचं. तोंडी शब्दावर कंपनीचा माणूस गोड बोलतो, पण पुढच्या वर्षी तो दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

बालाघाटाच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांचं विचाराल तर तो निर्णय आपला नसतोच, जागा कंपनी हेरते. मात्र पावसाळ्यात ढगांनी पॅनल मंदावतात तेव्हा वारा जोरात असतो, म्हणून ग्रिडला दोन्ही लागतात. संध्याकाळी सात वाजता मात्र वारा असो-नसो, परळीसारखी केंद्रं अजून पेटतीच ठेवावी लागतात.

भावाला सांगितलं : छतावर दोन किलोवॉट बसव, 60 हजार अनुदान येईल. पंपाचा अर्ज करू नकोस. डोंगराकडच्या दोन एकर मुरमाडाला शेजाऱ्यांचं रान जोडून बघ, उपकेंद्र तीन किलोमीटरवरच आहे. त्यानं मान हलवली. सातबाऱ्यावर दोन्ही आत्यांची नावं आहेत. धाकटी सही द्यायला तयार आहे, थोरली म्हणते आधी येऊन पॅनल कसलं असतं ते दाखव.